डोंगरातला भूकंपमापक, आषाढातली झड आणि बारा व्होल्टची बॅटरी

कोल्हापूर शहरात भूकंपमापक बसवला तर तो सगळ्यात आधी उसाच्या ट्रॉल्या मोजतो. हंगामात रस्ते रात्रभर चालू, दिवसा बांधकामं आणि बोअरच्या गाड्या. या थरथरीखाली कोयना-वारणा पट्ट्यातला २ तीव्रतेचा धक्का दिसतही नाही. तो दिसायला हवा असेल तर यंत्र दाजीपूर, गगनबावडा, आंबा या बाजूच्या कातळावर न्यायला लागतं. तिथं शांतता आहे, पण वीज नाही, रेंज धड नाही आणि जून ते सप्टेंबर सूर्यही नाही. सोलर पॅनेल लावलं की प्रश्न मिटला असं वाटतं खरं, पण गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आषाढात झड लागली की आठ-आठ दिवस अंगणात सावली पडत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर कोयनेचा भूकंप जुनी गोष्ट झालेला नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा धक्का बसला, दीडशेहून अधिक माणसं गेली आणि तेव्हापासून त्या पट्ट्यात लहान-मोठे धक्के चालूच आहेत. वारणा धरण भरू लागल्यावर ते दक्षिणेकडेही वाढले. कोल्हापूरहून कोयना धरण सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटर, चांदोलीचं वारणा धरण सुमारे ६०. धक्क्याची जागा आणि खोली नीट काढायची तर चहूबाजूंनी यंत्रं हवीत, आणि त्यांची नोंद वेळेत खाली यायला हवी.

आधी हिशोब: किती माहिती पाठवायची?

स्थानिक धक्क्यांसाठी जमिनीची हालचाल तीन दिशांना मोजतात: वर-खाली, उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम. प्रत्येक दिशेला सेकंदाला १०० वेळा. म्हणजे सेकंदाला ३०० आकडे. यंत्र २४ बिटचं असतं, पण साठवताना आकडा ४ बाइटचा धरतात. दिवसाला २ कोटी ५९ लाख आकडे, सुमारे १०४ मेगाबाइट.

हे जसंच्या तसं कुणी पाठवत नाही. दूध संस्थेच्या वहीचं उदाहरण घ्या. एका घरचं दूध रोज आठ लिटरच्या आसपास येतं. रोज ‘८.२, ८.१, ८.३’ लिहिण्याऐवजी पहिल्या दिवशी ८.२ लिहून पुढं फक्त ‘एक कमी, दोन जास्त’ असं लिहिलं तर जागा कितीतरी वाचते. भूकंपशास्त्रात रुळलेली स्टाइम पद्धत हेच करते. जमीन शांत असताना लागोपाठच्या आकड्यांतला फरक लहान असतो आणि एक आकडा सव्वा ते दीड बाइटमध्ये मावतो. दिवसाचे १०४ मेगाबाइट ३५ च्या आसपास येतात, महिन्याला एक जीबी. धक्का आला की फरक मोठे होतात आणि बचत घटते, पण धक्का मिनिटभराचा असतो.

या वहीत एक धोका आहे. मधली एक नोंद पुसली की पुढचं सगळं चुकतं. म्हणून माहिती ५१२ बाइटच्या छोट्या गठ्ठ्यांत बांधतात. गठ्ठ्याच्या सुरुवातीला पहिला आणि शेवटचा पूर्ण आकडा लिहिलेला असतो. उलगडताना शेवट जुळला नाही तर तेवढाच गठ्ठा बाद. एका दिशेचा असा गठ्ठा भरायला साडेतीन-चार सेकंद लागतात, त्यामुळं ‘थेट’ म्हणतात ती माहितीही तेवढी शिळी असतेच.

वीज खातं कोण?

जमिनीची थरथर टिपणारा साडेचार हर्ट्झचा जिओफोन स्वतः वीज घेत नाही. चुंबकात लोंबकळणारी कॉइल आहे ती, जमीन हलली की स्वतःच थोडं व्होल्टेज तयार करते. जवळच्या लहान धक्क्यांसाठी तो पुरेसा आहे. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या भूकंपाच्या संथ लाटा त्याला फारशा कळत नाहीत, त्यासाठी ब्रॉडबँड सेन्सर लागतो आणि तो महाग असून वीजही खातो. मोबाइल फोनमधल्यासारखी स्वस्त एक्सेलेरोमीटर चिप इथं कामाची नाही. तिचा स्वतःचाच गोंगाट २ तीव्रतेच्या धक्क्याहून मोठा.

जिओफोनचं व्होल्टेज आकड्यात बदलणारं डिजिटायझर, छोटा मायक्रोकंट्रोलर, मेमरी कार्ड आणि जीपीएस मिळून नीट बांधलं तर ०.८ वॉटमध्ये बसतं. दिवसाला १९ वॉट-तास. इथं लिनक्स चालणारा मोठा बोर्ड वापरायचा मोह होतो, कारण सॉफ्टवेअर तयार मिळतं. पण तो नुसता बसून दोन-तीन वॉट खातो. घरात प्लगला लावायचा असेल तर खुशाल वापरा, डोंगरात नको.

खरा खाणारा आहे मोडेम. फोरजी मोडेम सतत जोडलेला ठेवला तर सरासरी अडीच वॉट, दिवसाला ६० वॉट-तास. रेंज कमी असेल तर आणखी, कारण टॉवरपर्यंत पोचायला त्याला जास्त जोर लावावा लागतो. आणि इथं एक बारीक गोष्ट आहे. मोडेमने माहितीचा गठ्ठा पाठवला की तो लगेच झोपत नाही. आणखी काही येईल या आशेवर काही सेकंद जागाच राहतो. आपण दर चार सेकंदांनी गठ्ठा पाठवत राहिलो तर त्याला डोळा मिटायला फुरसतच नाही. माहिती किती पाठवली याहून किती वेळा पाठवली यावर वीज ठरते.

आता तीच माहिती तासातून एकदा पाठवा. तासाची माहिती दीड मेगाबाइट. मोडेम चालू होऊन टॉवर पकडायला ४० सेकंद, पाठवायला मिनिटभर, म्हणजे दोन मिनिटं धरा. दिवसाला ४८ मिनिटं, तीन वॉटने २.४ वॉट-तास. साठावरून अडीचवर आलो.

मात्र तासाचा उशीर परवडतो का, हे आधी ठरवा. धक्क्याची जागा काढणं, महिन्याची यादी बनवणं, धरणाच्या पाणीपातळीशी ताडून बघणं, या सगळ्याला परवडतो. लोकांना आधी सावध करायचं असेल तर अजिबात नाही. तिथं एकेक सेकंद मोलाचा आहे. कोयनेचा धक्का कोल्हापुरात पोचतो तेव्हा पहिली, सौम्य पी लाट आणि नंतरची, हादरवणारी एस लाट यांच्यात जेमतेम ११ सेकंदांचं अंतर असतं. असं केंद्र तासागणिक झोपवून चालणार नाही. त्याला मोठी बॅटरी द्या आणि तो खर्च मान्य करा. दोन्ही कामं एकाच स्वस्त पेटीतून काढायला गेलं की दोन्ही बिघडतात.

पावसाळ्याचं गणित

रेकॉर्डर (डिजिटायझर ते जीपीएस सगळं मिळून) १९, तासागणिक मोडेम २.४, आणि कुणी मोजत नाही तो सोलर चार्ज कंट्रोलर. त्याचा एलईडी आणि सर्किट मिळून १० ते २० मिलिअँपिअर सतत घेतात, दिवसाला तीन ते सहा वॉट-तास. मोडेमपेक्षा जास्त! एकूण २५ धरू.

ऊन नसतानाचे १२ दिवस काढायचे तर ३०० वॉट-तास हवेत. लिथियम आयर्न फॉस्फेट (थोडक्यात लिथियम फॉस्फेट) बॅटरी ८० टक्के वापरता येते, म्हणजे १२.८ व्होल्ट ३० अँपिअर-तासांची पुरते. चार-पाच किलो वजन, एकजण पाठीवर नेतो. लेड अ‍ॅसिड घेतली तर निम्मीच वापरायची, म्हणून ५० अँपिअर-तास. मोडेम सतत चालू ठेवला तर रोजचे ८४ वॉट-तास होतात आणि बारा दिवसांना लिथियम १०० अँपिअर-तास लागते. लेड अ‍ॅसिडमध्ये तीच गोष्ट १७० च्या घरात जाते. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी उचलून पाहिलेल्याला सांगायला नको की ती धनगरवाड्याच्या पायवाटेने वर नेणं म्हणजे काय.

पॅनेल १०० वॉटचं धरा. दाट ढगांच्या दिवशी पूर्ण उन्हाचा जेमतेम अर्धा-पाऊण तास मिळतो असं धरून आराखडा करावा. वायर, कंट्रोलर, बॅटरीतली गळती वजा जाता त्या दिवशी हातात ४५ वॉट-तास येतात. २५ खाणारं केंद्र वाईट दिवशीही थोडं शिल्लक टाकतं. ८४ खाणारं रोज ३९ ने खाली जातं.

पॅनेलचा कल हा वादाचा विषय. पुस्तकी नियम सांगतो: दक्षिणेकडे तोंड, अक्षांशाइतका कल, म्हणजे कोल्हापुरात सुमारे १७ अंश. पण मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात इथं शून्य सावलीचा दिवस येतो, आणि त्या दोन तारखांच्या मधे भरदुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. शिवाय ढगाळ दिवशी उजेड एका दिशेने येत नाही, सगळ्या आभाळातून येतो. जास्त उताणं पॅनेल जास्त आभाळ पाहतं. म्हणून कल १० अंशच ठेवा. पूर्ण आडवं मात्र नको. पालापाचोळा आणि पक्ष्यांची घाण पावसाने धुऊन जायला तेवढा उतार लागतोच.

बॅटरी संपत आली की काय करायचं हेही यंत्राला आधी शिकवून ठेवा. आधी पाठवणं कमी करायचं, तासाऐवजी दिवसातून दोनदा. मग मोडेम बंद, पण नोंद चालू. सगळ्यात शेवटी रेकॉर्डर बंद. परत चालू होण्याची पातळी बंद होण्याच्या पातळीपेक्षा चांगली वर ठेवा. लिथियम फॉस्फेटला १२.० ला बंद आणि १३.० ला चालू. दोन्ही जवळजवळ ठेवली तर भार सुटताच व्होल्टेज थोडं वर येतं, यंत्र चालू होतं, पुन्हा पडतं. रात्रभर हा खेळ चालतो आणि सकाळपर्यंत मेमरी कार्ड खराब. लिथियम फॉस्फेटचं व्होल्टेज बहुतेक काळ एकाच जागी टिकून राहतं आणि शेवटी एकदम कोसळतं, म्हणून नुसत्या व्होल्टेजवर विसंबू नका. आत किती गेलं, बाहेर किती आलं हे मोजणारी छोटी चिप लावा.

जिथं रेंजच नाही

दाजीपूरच्या जंगलात टॉवर शोधत बसण्यापेक्षा लोरा रेडिओ बघा. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा, ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत, परवान्याशिवाय वापरता येतो. लोराचं वैशिष्ट्य असं की तो सावकाश बोलतो म्हणून लांब ऐकू जातो. वेगवान सेटिंगला सेकंदाला साडेपाच हजार बिट, सगळ्यात संथ सेटिंगला अडीचशे-तीनशे. आपली सलग माहिती दाबूनही सेकंदाला सव्वातीन हजार बिट लागते. म्हणजे लोरावरून सलग नोंद पाठवणं कागदावर वेगवान सेटिंगला एका केंद्रापुरतं बसतं, प्रत्यक्षात बसत नाही. तो नाद सोडा.

त्याऐवजी यंत्रालाच ओळखू द्या की धक्का आला का. रीत जुनी आणि साधी आहे: गेल्या एका सेकंदाची सरासरी हालचाल भागिले गेल्या साठ सेकंदांची. उत्तर ३ किंवा ४ च्या वर गेलं की काहीतरी आलं. तेव्हा पोचण्याची वेळ, सगळ्यात मोठी हालचाल, किती वेळ टिकली आणि बॅटरीची स्थिती असा ३० बाइटचा निरोप पाठवायचा. मध्यम सेटिंगला त्याला अर्धा सेकंदही लागत नाही. दर मिनिटाला असा निरोप पाठवला तरी रेडिओची दिवसाची वीज ०.१ वॉट-तासाहून कमी. मिनिटभराच्या धक्क्याची पूर्ण नोंद हवी असेल तर ती सुमारे ३६ किलोबाइट होते. वेगवान सेटिंगला दीडेक मिनिटात जाते, संथ सेटिंगला वीस मिनिटं. बाकी सगळं कार्डवर राहतं आणि दोन-तीन महिन्यांनी जाऊन आणायचं.

धक्का म्हणून गव्याचा कळप, खाणीतला सुरुंग, धरणाच्या दरवाज्यातून पडणारं पाणी यांपैकी काहीही नोंदलं जातं. एका केंद्रावर विश्वास ठेवू नका. तीन केंद्रांनी काही सेकंदांच्या आत हाक दिली तरच तो धक्का. सुरुंग बहुतेक दुपारी ठरलेल्या वेळी उडतात, वेळ पाहिली तरी अर्धे गळतात.

रेडिओला समोरासमोर दिसणारी जागा लागते, आणि नुसती नजर पोचून भागत नाही. २० किलोमीटरच्या अंतरावर ८६६ मेगाहर्ट्झला मधोमध नजरेच्या रेषेखाली किमान २५ मीटर मोकळं हवं, वर पृथ्वीच्या गोलाईचे सहा मीटर. पन्हाळा किंवा जोतिबासारख्या उंचीवरून शहर सरळ दिसतं, तिथं हे सहज जमतं. घाटातल्या दोन वाड्यांमध्ये मधे डोंगराची एक सोंड आली की संपलं. ५.८ गिगाहर्ट्झच्या वाय-फाय डिशला मधे दहा मीटर मोकळं पुरतं आणि ती सलग नोंद आरामात नेते. पण प्रत्येक टोकाला पाच-आठ वॉट खाते, म्हणजे पुन्हा मोठी बॅटरी. उपग्रहाचा व्हीसॅट त्याहून कितीतरी भुकेला. इरिडियमसारखी उपग्रह-फोनची उपकरणं तर आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय वापरताच येत नाहीत.

वेळ चुकली की सगळं चुकलं

पी लाट सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर जाते. घड्याळ ०.१ सेकंद चुकलं की अंतर ६०० मीटरनी चुकलं. यंत्रातल्या घड्याळाचा साधा क्रिस्टल दिवसाला दीड-दोन सेकंद सरकतो, म्हणून जीपीएस. तो सतत चालू ठेवायची गरज नाही. चांगला, तापमान सांभाळणारा क्रिस्टल तासाला चार मिलिसेकंदांहून कमी सरकतो. तासातून पाच मिनिटं जीपीएस पुरे. पण पहिल्यांदा चालू केल्यावर पंधरा मिनिटं थांबा. जीपीएसची वेळ आणि आपली नेहमीची वेळ यांत १८ सेकंदांचा फरक आहे आणि तो आकडा उपग्रहाकडून साडेबारा मिनिटांतून एकदाच येतो. तोवर रिसीव्हर आपल्या पोटातला जुना आकडा वापरतो. एक-दोन सेकंद पुरती चुकलेली, दिसायला मात्र अगदी बरोबर अशी नोंद तयार होते.

बसवताना

जांभ्यावर बसवू नका. जांभा सच्छिद्र, पावसात पाणी पिणारा. मुरूम काढून काळ्या कातळापर्यंत जा, त्यावर सिमेंटचा छोटा ओटा घाला आणि तो कुठल्याही भिंतीला टेकू देऊ नका. पॅनेलचा खांब आणि झाडं किमान दहा-पंधरा मीटर लांब. वाऱ्याने खांब डोलला की जमीनही डोलते. उत्तर दिशा होकायंत्राने काढली तर फसाल. काळा दगड स्वतःच चुंबकीय असतो, काही ठिकाणी सुई कित्येक अंश फिरवतो. शे-दोनशे मीटरवर दोन खुणा घेऊन जीपीएसने रेषा काढा.

पण अंतर वाढवलं की वायर वाढते. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या २० मीटर जोडवायरीत जाऊन-येऊन ०.७ ओहम रोध. मोडेमने क्षणभर दोन अँपिअर ओढले की १.४ व्होल्ट वाटेतच गेले आणि मोडेम रीसेट. पुन्हा टॉवर शोधतो, पुन्हा ओढतो, पुन्हा रीसेट. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं रेंज नाही. अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि मोडेमजवळ २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एवढ्याने हे थांबतं.

नोंदीत ठरावीक अंतराने, म्हणजे बरोबर चार सेकंदांनी किंवा बरोबर तासाने, काटे दिसले तर ते जमिनीतले नाहीत, मोडेमचे आहेत. जिओफोनची वायर पीळ दिलेली आणि जाळीदार आवरणाची घ्या. आवरण फक्त डिजिटायझरच्या टोकाला अर्थ करा. दोन्हीकडे केलं की अर्थमधूनच प्रवाह फिरतो. अँटेना शक्य तितकी लांब. चार्ज कंट्रोलरही असाच आवाज घुसवतो, पण तो दिवसा असतो आणि रात्री गायब होतो, त्यावरून ओळखा.

वळवाच्या पावसातली वीज हा वेगळाच शत्रू. जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही. एक सळई पुरत नाही, तीन-चार सळया लांब-लांब ठोकून जोडा आणि विजेचा झटका अडवणारा सर्ज अरेस्टर लावा. पेटीत वायर नेहमी खालून शिरू द्या, आणि शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून गळतं, आत जात नाही. मुंग्या मात्र कुठूनही शिरतात. वायर जिथून शिरते त्या ग्लँडची फट सिलिकॉनने बुजवा.

अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते आणि खालच्या वाडीशी ओळख लागते. पॅनेलची राखण कुंपण करत नाही, माणसं करतात. आणि केंद्र अचानक गप्प झालं तर पाठीवर बॅटरी टाकून डोंगर चढण्याआधी सिमचा रिचार्ज संपलाय का ते बघा. २८ दिवसांची मुदत भूकंपाला कळत नाही.

हे सगळं मेच्या आत व्हायला हवं. पॅनेलची वायर काढून दोन दिवस केंद्र नुसत्या बॅटरीवर चालवा आणि किती वॉट-तास गेले ते मोजा. कागदावरच्या २५ चे ३५ झाले असतील तर कुठलीतरी गोष्ट झोपत नाहीये, ती शोधा. मग ओट्यापासून तीन मीटरवर उभं राहून, घड्याळात सेकंद बघून, तीनदा उडी मारा. पुढच्या तासाच्या नोंदीत ते तीन ठोके कोल्हापुरात त्याच सेकंदाला दिसले की पेटीचं झाकण लावायला हरकत नाही.